सर्व्हर डाऊन नसतो तेव्हा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते, बाहेर पाऊस तरी असतो नाहीतर पावसाची वाट, आणि आत दोन टेबलांवर दोन कॉम्प्युटर. दोन्ही एकाच दिवशी नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेले. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले सेकंडहँड डबे, तोच प्रोसेसर, तेवढीच चार जीबी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी. एकावर विंडोज १०, दुसऱ्यावर माझ्या हौसेखातर लिनक्स मिंट, विंडोजचंच काम फुकटात करणारं. दोन्हीवर इंटरनेटची पानं उघडायला क्रोम हाच ब्राउझर. मागच्या हंगामात एक म्हातारे शेतकरी सकाळपासून बाकावर बसून आळीपाळीने दोन्ही पडदे पाहत होते. दुपारी बाराच्या सुमारास म्हणाले, "काहो भाऊ, दोनी डबे तं सारखेच दिसतेत. मंग त्याच्यावर निघते अन् याच्यावर काऊन नाही निघून राह्यलं?"

"सर्व्हर डाऊन आहे काकाजी," हे माझ्या ओठांवर आलं होतं. सवयच झाली आहे. पण शेजारच्या टेबलावर तोच सर्व्हर त्याच मिनिटाला पान देत होता, आणि काकाजींनी ते पाहिलं होतं.

पूर्वी तहसीलमध्ये "साहेब दौऱ्यावर आहेत" ऐकून माणूस एसटीने घरी परतायचा. आता ते काम "सर्व्हर डाऊन" या दोन शब्दांनी होतं. त्यात सोय अशी की दोष कोणाचाच राहत नाही. सर्व्हर पुण्या-मुंबईत किंवा दिल्लीत कुठेतरी असतो, तो पाहिलेला कोणी नाही, त्याच्याशी भांडायला जाता येत नाही. मी अकरा वर्षं हे काम करतो आहे आणि माझा अनुभव असा की जितक्या वेळा आपण सर्व्हरला दोष देतो, त्यातल्या बऱ्याच वेळा अडचण आपल्यासमोरच्या टेबलावर असते: ब्राउझर, त्याखालची विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्या दोघांचा विचारच न करता बांधलेलं पोर्टल. काकाजींचा प्रश्न तंत्राचा वाटतो. तो नीट धरून गेलो तर सरकारी निविदेच्या कागदापर्यंत पोचतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी तंत्राचं. दोन्ही डब्यांवर क्रोम आहे म्हणून दोन्हीवर एकच प्रोग्रॅम आहे असं वाटतं, तिथेच पहिली गफलत. मूळ कोड बहुतेक एकच असतो, पण तो विंडोजसाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा, लिनक्ससाठी वेगळा घडवावा लागतो. हे घडवण्याचं काम कंपायलर नावाचं अवजार करतं, आणि ते अवजार किती धारदार होतं यावर ब्राउझरची चाल ठरते. त्यात एक युक्ती आहे. प्रोग्रॅम एकदा तयार करायचा, तो नेहमीच्या कामांवर चालवून बघायचा, कोडचे कोणते भाग पुन्हा पुन्हा वापरले जातात याची नोंद घ्यायची, आणि त्या नोंदीनुसार तो दुसऱ्यांदा घडवायचा. आपण शेतात हेच करतो. पहिला पावसाळा पाणी कुठून वाहतं ते पाहायचं आणि मग त्याप्रमाणे धुरे घालायचे, चर काढायचे. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरला विंडोजवर ही मशागत २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळाली. लिनक्सच्या आवृत्तीला ती काही वर्षांनी मिळाली. मधल्या काळात एक गंमत झाली होती. काही हौशी लोकांनी विंडोजसाठीचा फायरफॉक्स ‘वाइन’ नावाच्या, विंडोजचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममधून लिनक्सवर चालवला, आणि काही चाचण्यांत तो लिनक्सच्या स्वतःच्या फायरफॉक्सपेक्षा जोरात पळाला. पाहुण्याचा बैल घरच्यापेक्षा सरस निघावा तसं. यात लिनक्सचं रक्त पातळ आहे असं काही सिद्ध होत नव्हतं. विंडोजच्या आवृत्तीवर जास्त लोकांनी जास्त दिवस मेहनत घेतली होती, इतकंच.

क्रोमचीही गोष्ट अशीच. २ सप्टेंबर २००८ ला तो आला तो फक्त विंडोजसाठी. मॅक आणि लिनक्सवाल्यांना चाचणी आवृत्ती मिळायला डिसेंबर २००९ उजाडला. वर सांगितलेली नोंदीची मशागत क्रोमने विंडोजवर २०१६ मध्ये केली. तेव्हा गूगलने सांगितलेले आकडे असे की ब्राउझर सुरू व्हायचा वेळ सुमारे १७ टक्क्यांनी आणि पान उघडायचा वेळ सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. मॅकला तीच गोष्ट २०२० मध्ये मिळाली. २०१८ पासून विंडोजचा क्रोमही क्लँग या कंपायलरने घडवला जातो, जो इतर ठिकाणी आधीपासून होता, त्यामुळे या बाबतीतली दरी आता बरीच बुजली आहे. म्हणून आज कोणी मला "विंडोजवर क्रोम फास्ट का लिनक्सवर?" असं विचारलं तर मी म्हणतो, आधी तुझी मशीन सांग, रॅम सांग, आणि महिना सांग.

महिना म्हणजे थट्टा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. प्रोसेसर तापला की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. पंख्यात गेल्या दिवाळीपासूनची कापसाची रुई अडकलेली असली तर विचारूच नका. जानेवारीत विंडोजवर आणि मे महिन्यात लिनक्सवर केलेली तुलना म्हणजे हिवाळ्यातल्या विहिरीची उन्हाळ्यातल्या विहिरीशी तुलना. मी दोन्ही डबे एकाच दुपारी, कूलरपासून सारख्याच अंतरावर ठेवून तपासले. साध्या पानांवर सांगण्यासारखा फरक दिसला नाही. पहिल्यांदा ब्राउझर उघडताना मात्र लिनक्सवाला पुढे होता, कारण विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक बारक्या फाइलची झडती घेत बसतो आणि आमची हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची आहे.

व्हिडिओत पारडं उलटं फिरलं. ब्राउझर चित्रं स्वतः रंगवत नाही, ग्राफिक्सच्या चिपकडून रंगवून घेतो. विंडोजवर तो हे डायरेक्टथ्रीडीच्या वाटेने करतो, मॅकवर मेटलच्या, लिनक्सवर ओपनजीएल किंवा व्हल्कनच्या. ही वाट चांगली की खड्ड्यांची, ते त्या चिपच्या ड्रायव्हरवर, म्हणजे चिप हाकणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर अवलंबून. ड्रायव्हर बेभरवशाचा असेल तर ब्राउझरकडे एक काळी यादी असते. त्या यादीत नाव निघालं की चिपला बाजूला ठेवून सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. फायरफॉक्सने लिनक्सवर इंटेलच्या चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं सर्रास सुरू केलं ते जुलै २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत. विंडोजवाल्यांना ती सोय कितीतरी आधीपासून होती. शिष्यवृत्तीच्या तयारीचे व्हिडिओ पाहायला येणाऱ्या पोरांनी हे यंत्राच्या आवाजावरून ओळखलं. लिनक्सच्या डब्यावर व्हिडिओ लावला की पंखा थ्रेशरसारखा घुमायचा, म्हणून पोरं निमूट विंडोजच्या टेबलाकडे सरकायची.

इथपर्यंत जे सांगितलं त्याचं सार शोधायला गेलात तर ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या गुणात सापडणार नाही. जिथे जास्त लोक, जास्त पैसा, जास्त चाचण्या, तिथे ब्राउझर जोरात. जिथे कमी, तिथे हळू. आयफोनवर तर निवडीचाच प्रश्न मिटवून टाकला आहे. तिथे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच. युरोपीय संघाच्या कायद्याने मार्च २०२४ पासून तिथल्या लोकांना मोकळीक मिळाली. पण आमच्या गावात आयफोन मोजायला एका हाताची बोटं पुरतात, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

आमच्या गावाची खरी ऑपरेटिंग सिस्टीम अँड्रॉइड आहे, आणि तीही दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवरची. इथे ‘परफॉर्मन्स’ म्हणजे काय ते मला एका बाईंनी शिकवलं. त्या बचत गटाचं काम पाहतात, मोबाइल सफाईने वापरतात. एका योजनेचा अर्ज त्यांनी घरूनच भरायला घेतला. नाव, गाव, बँकेचा खाते क्रमांक, कुटुंबातल्या सगळ्यांची माहिती, असं अर्धा तास भरलं. शेवटी पोर्टलने ओटीपी मागितला. मेसेज आला. तो पाहायला त्या क्रोममधून बाहेर पडल्या, आकडे पाठ केले, परत आल्या तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड झालेलं आणि अर्ज कोरा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्या मोबाइलले काही लागलं का? तो विसरून राह्यला."

मोबाइलला काही लागलेलं नव्हतं. अँड्रॉइडमध्ये एक व्यवस्था आहे. मेमरी भरत आली की जे काम समोरच्या पडद्यावर नाही त्याला ती सरळ मारून टाकते. माणूस मेसेज वाचायला गेला की त्याच्या दृष्टीने अर्ज समोर असतो, पण सिस्टीमच्या दृष्टीने क्रोम मागे गेलेला असतो. व्हॉट्सअॅप, कीबोर्ड आणि मेसेजचं अॅप यांनी रॅम भरली की बळी ठरलेला. त्यात ब्राउझरही जाडजूड होत गेले आहेत, आणि त्याला कारण आहे. एका साइटने दुसऱ्या साइटची माहिती चोरू नये म्हणून क्रोमने २०१८ मध्ये, ६७ व्या आवृत्तीपासून, कॉम्प्युटरवर प्रत्येक साइटला स्वतंत्र खोली दिली. त्यामुळे मेमरीचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढला, हे गूगलनेच सांगितलं. फोनवर हीच सोय पुढे आणली ती पुरेशी रॅम असलेल्या फोनपुरती. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर याचा पत्ताही लागत नाही. चार जीबीच्या डब्यावर ती दोन पानांना लागणारी जागा असते.

आता त्या बाईंच्या प्रकरणात चूक कोणाची? अँड्रॉइडची नाही. दोन जीबीत फोन जिवंत ठेवायचा तर काहीतरी मारावं लागणारच. ब्राउझरचीही नाही. चूक त्या पोर्टलची, ज्याने अर्ध्या तासाची माहिती एकाच लांबलचक पानावर मागितली, ती टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर साठवली नाही, आणि वर ओटीपीसाठी माणसाला पानाबाहेर पाठवलं. ज्याने ते बांधलं त्याने ते भरपूर रॅमच्या मशीनवर तपासलं असेल. तिथे पान कधी मरतच नाही, म्हणून त्याला कधी कळलंच नाही.

फोनच्या जाहिरातीत आठ कोअर लिहिलेले असतात, हीसुद्धा एक फसगत. पान हलतं ठेवणाऱ्या कोडचा, जावास्क्रिप्टचा, मुख्य धागा एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. गोठ्यात आठ बैल असले तरी ही बंडी एकाच बैलाने ओढायची आहे. आणि स्वस्त फोनमध्ये कित्येक वर्षं तो बैल म्हणजे २०१२ साली जाहीर झालेला कॉर्टेक्स ए५३ राहिला. आठच्या आठ तसेच. अशा फोनवर पोर्टलच्या मुखपृष्ठावर सरकणारे फोटो, पळणारी अक्षरं आणि फुलणारी चित्रं टाकली की अर्जाच्या रकान्यापर्यंत पोचायच्या आधीच बैल बसतो. दहा रकान्यांच्या अर्जाला या कशाचीच गरज नसते. मान्यवरांचे फोटो पाहायला कोणी मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टलवर येत नाही.

काकाजींचा डबा मात्र वेगळ्याच ठिकाणी अडला होता. त्यांच्या अर्जात अंगठा लागत होता. अंगठ्याचं यंत्र ब्राउझरशी थेट बोलत नाही. कॉम्प्युटरवर एक छोटी सेवा पडद्यामागे चालू असते, पोर्टलचं पान त्याच कॉम्प्युटरच्या आतल्या पत्त्यावर, १२७.०.०.१ वर, तिला हाक मारतं, ती सेवा अंगठा घेऊन कुलूपबंद करून पानाच्या हाती देते. माझ्या यंत्रासोबत आलेली ती सेवा विंडोज आणि अँड्रॉइडसाठी होती. लिनक्सवर पान हाक मारत बसलं, ओ द्यायला कोणीच नव्हतं. पोर्टलने तरी "या कॉम्प्युटरवर अंगठ्याची सेवा सापडली नाही" असं मराठीत सांगावं? ते गोल चक्र फिरवत राहिलं. ते चक्र पाहून मी मंदपणा समजलो, काकाजी नशीब समजले, आणि रांगेतल्या मागच्या माणसाने "सर्व्हर डाऊन" जाहीर करून टाकलं. ब्राउझर तिथे जराही हळू नव्हता. आमच्यासमोर जो ‘वेगाचा फरक’ म्हणून येतो त्यातला केवढा भाग असा असतो, हे मोजलं पाहिजे.

याचं मोठं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. तिथे १९९९ मध्ये डिजिटल सहीचा कायदा झाला आणि त्या काळात त्यांनी स्वतःची कूटलिपी, सीड, वापरायला घेतली. ब्राउझरना ती येत नव्हती, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अॅक्टिव्हएक्सचं जोडकाम बसवलं. झालं. पुढची कित्येक वर्षं बँक असो की सरकारी काम, विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्याशिवाय पान हलत नसे. जगातलं नावाजलेलं जलद इंटरनेट असलेला देश एका जुन्या ब्राउझरच्या दावणीला बांधला गेला. त्या सरकारमान्य प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा डिसेंबर २०२० मध्ये गेला, आणि खुद्द इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. आपल्याकडे ज्यांनी ई-निविदा भरल्या आहेत त्यांना जावाची जोडणी आठवत असेल. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये तशा जोडण्या कायमच्या बंद केल्या, आणि नंतर किती ऑफिसांत "हा एक कॉम्प्युटर अपडेट करू नका रे" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, ते मी पाहिलं आहे. माझ्याकडेही विंडोज ७ चा असा एक तिसरा डबा आहे.

या सगळ्यावर मला तीन सल्ले नेहमी ऐकू येतात.

पहिला, नवी मशीन घ्या. विंडोज ७ ची अपडेटची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीला, १०९ व्या आवृत्तीवर, रामराम केला. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर हवा. माझे सीताबर्डीचे दोन्ही डबे त्यात बसत नाहीत. आता हिशेब पाहा. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा एका अर्जामागे केंद्राला ४० रुपये ठरलेले होते. जो अर्ज सहा मिनिटांत व्हायला हवा तो वीस मिनिटं खात असेल, तर नव्या मशीनचे पैसे त्याच चाळीस रुपयांतून कसे काढायचे? शहरातला माणूस "स्लो आहे" म्हणून चिडतो. इथे स्लो म्हणजे रोजी. रांगेतल्या माणसाची तर दुहेरी, कारण त्याची निंदणाची बाई शेतात मालकाची वाट पाहत बसलेली असते.

दुसरा सल्ला माझ्या लिनक्सवाल्या मित्रांचा. सगळीकडे लिनक्स टाका, फुकट आहे, हलकं आहे, केरळकडे पाहा. केरळ मीही पाहतो. तिथे शाळांमध्ये राज्याने स्वतः मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारं सॉफ्टवेअर आणलं, स्वतःची लिनक्सची आवृत्ती बांधली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, आणि लाखांवर कॉम्प्युटर त्यावर चालतात. पण ते राज्याने केलं. यवतमाळच्या दारव्हा किंवा नेर तालुक्यातल्या एका केंद्रचालकाने केलं तर अंगठ्याचं यंत्र बंद पडतं, आणि त्या यंत्राच्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. सरकारने खरेदीच्या अटीतच "लिनक्सवर चालणारी सेवा द्या" असं लिहिलं असतं तर कंपन्यांनी ती दिली असती. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणली, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारायचं केंद्राचं धोरण २०१५ चं आहे. धोरण आहे, ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फक्त माझ्या टेबलावरचा अंगठा तिला ओळखत नाही.

तिसरा सल्ला, अॅप काढा. यात तथ्य आहे, आणि मी ते आडपडदा न ठेवता मान्य करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात नेटवर्क नसलं तरी फोटो आणि माहिती फोनमध्ये राहते आणि नंतर गावात येऊन चढवता येते. ज्याने हे सुचवलं त्याने कधीतरी धुऱ्यावर उभं राहून मोबाइल वर धरला असणार. पण प्रत्येक योजनेचं एक अॅप म्हटलं की गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेल्या फोनमध्ये ती मावत नाहीत. शिवाय ज्यांच्याकडे अँड्रॉइड नाही त्यांचं काय? २०१७ मध्ये जिओफोन आला तेव्हा गावात बटणांच्या फोनवरही बऱ्यापैकी ब्राउझर आला. ५१२ एमबी रॅम, आणि त्यातली कायओएस म्हणजे फायरफॉक्सच्याच इंजिनावर उभी केलेली ऑपरेटिंग सिस्टीम. म्हणजे तिथे ब्राउझर हीच सिस्टीम होती! तरीही नव्या जावास्क्रिप्टवर बांधलेली पानं त्या जुन्या इंजिनावर पांढरी फटक दिसायची. साध्या एचटीएमएलचं, जावास्क्रिप्ट नसलेलं पान मात्र त्यावरही उघडायचं. ज्या सोयीने गावातल्या शेवटच्या घरात पोचता आलं असतं, ती आपण चकचकीत पानांच्या नादात घालवली.

माझं म्हणणं म्हणून असं. सरकारी पोर्टल जनतेसाठी खुलं करण्याआधी ते सगळ्यात दुबळ्या चालू मशीनवर चाललं पाहिजे, आणि ही अट निविदेत, पैसे देण्याच्या टप्प्याशी बांधून, लिहिली पाहिजे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासा, हे त्यांत आहेच. पण वेगवेगळे ब्राउझर एकाच नव्याकोऱ्या लॅपटॉपवर टाकून तपासले तर कागद भरतो, काम होत नाही. चार जीबीचा, फिरत्या डिस्कचा विंडोजचा डबा, तसाच एक लिनक्सचा, दोन जीबीचा अँड्रॉइड फोन आणि मध्येच तुटणारं नेट, एवढं साहित्य पुरे. हे सगळं मिळून एका अधिकाऱ्याच्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडेल. यावर एका अनोळखी माणसाला ओटीपीसकट पूर्ण अर्ज भरता आला तरच पोर्टल स्वीकारायचं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. जुन्या सिस्टीमना सांभाळत बसलं तर आधारची माहिती चोरांच्या हाती जाईल. बरोबर आहे. ज्या ब्राउझरला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत त्यावर कोणाचा अंगठा घेऊ नये. माझ्या विंडोज ७ च्या डब्यावर मी अशी कामं बंद केली आहेत. पण जुना ब्राउझर आणि दुबळी मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या लिनक्सच्या डब्यावर या आठवड्यातला ताजा क्रोम आहे. मशीन तेवढी म्हातारी आहे. मी मागतो आहे ते ताज्या ब्राउझरसाठी, म्हाताऱ्या मशीनवर. ती मागणी सुरक्षेच्या आड येत नाही, उलट लोकांना जुन्या विंडोजवरून उठवून हलक्या, अपडेट होणाऱ्या सिस्टीमवर आणायला मदतच करते.

आणि मुदतीचं काय? २०२३ च्या खरिपात पीक विम्याची ३१ जुलैची मुदत वाढवून ३ ऑगस्ट केली होती. अशी मुदतवाढ जाहीर झाली की आम्ही सगळे आभार मानतो, फ्लेक्स लागतात. मला ते पटत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात किती अर्ज अर्धवट तुटले, कुठल्या ब्राउझरवर, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, हे पोर्टलला कळू शकतं, कारण प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपली ओळख सांगतच असतो. ते आकडे रोज जाहीर करा. अँड्रॉइडवर सुरू झालेल्या अर्जांपैकी अर्धे ओटीपीपाशी मरत असतील तर मुदत आपोआप पुढे जावी, कोणी निवेदन द्यायची गरज पडू नये. हल्ली एखादी तक्रार नेली की पहिला प्रश्न येतो, "स्क्रीनशॉट आहे का?" हँग झालेल्या डब्यावर स्क्रीनशॉट कसा काढायचा ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

काकाजींचा अर्ज त्याच दुपारी विंडोजच्या टेबलावर, रांगेतल्या दोघांना विनंती करून, भरला. अंगठा तिसऱ्यांदा उमटला. निंदणाने झिजलेल्या अंगठ्यांना कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्या खेपेला ओळखत नाही. पावती हातात घेतल्यावर ते लिनक्सच्या डब्याकडे वळून म्हणाले, "मंग याले कायले ठेवलं बावा? मोडीत देऊन टाक."

मी म्हटलं, "सातबारा काढायचा हाये का तुमाले?"

"हो, तोबी पाह्यजे."

त्यांना त्या डब्यासमोर बसवलं. विंडोजवाल्याने मध्येच अपडेट घ्यायला सुरुवात केली होती.